घरचा टोळ : ओळख आणि दक्षता

टोळधाड म्हटली की राजस्थानच्या वाळवंटाकडे नजर वळते. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत उतरलेले थवे वाळवंटी टोळांचेच होते. परंतु टोळांची एक जात मूळची आपल्याकडचीच आहे. तिचे नाव ‘मुंबई टोळ’. १९०१ ते १९०८ या काळात तिच्या थव्यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील शेतीला उपद्रव दिला. कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०३-०४ मध्ये तिचा तपशीलवार अभ्यास केला. त्यानंतर तेवढा मोठा उद्रेक भारतात झालेला नाही; मात्र जात नष्ट झालेली नाही. एरवी हा टोळ गवतात एकएकटा राहतो. संख्या बेसुमार वाढून दाटी झाली की त्याचे वर्तन पालटते आणि तो थव्याने संचार करू लागतो.

मुंबई टोळाची वर्षाला एकच पिढी होते. पावसाळ्याच्या प्रारंभी मादी ओलसर जमिनीत अंडी घालते. पिले गवतावर व खरिपाच्या पिकांवर वाढतात आणि पावसाळा सरता सरता त्यांना पंख फुटतात. हिवाळा व उन्हाळा ते प्रौढावस्थेत काढतात. थव्यांच्या वर्षांत त्यांचा आसरा पश्चिम घाटातील वनराजीत असे.

ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्याला अधिक परिचित आहे तो भातावरील नाकतोडा. कल्याण, मुरबाड, शहापूर या तालुक्यांत भात हेच मुख्य पीक. हा नाकतोडा पावसाळ्याच्या अखेरीस बांधांच्या मातीत अंडी घालतो. ती उन्हाळाभर तशीच राहून पहिल्या पावसानंतर फुटतात. पिले प्रथम बांधावरील गवत खातात व मग भाताकडे वळतात.

हा भेद उपाययोजनेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात बांध तासले असता नाकतोड्याची अंडी उघडी पडतात. ऊन व पक्षी त्यांचा नाश करतात. मुंबई टोळाची अंडी मात्र त्या वेळी जमिनीत नसतातच. त्याच्यासाठी पावसाळ्यात गवताळ माळ व पडीक जमिनी यांवर लक्ष ठेवणे, हाच मार्ग उरतो.

कल्याण-डोंबिवलीभोवती शेते घरांना जागा देत असताना उरलेल्या भातशेतीचे मोल वाढले आहे. ग्रामपंचायतींनी बांध तासण्याचे काम पावसापूर्वी सामुदायिकरीत्या हाती घ्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या दोन कीटकांची ओळख करून द्यावी. पिलांची असाधारण दाटी आढळल्यास सहायक कृषी अधिकाऱ्यास तत्काळ कळवावे. पंख फुटण्यापूर्वी मिळालेली सूचनाच सर्वांत उपयोगी ठरते.