शरदांतील एक सकाळ : बालवर्गासाठीं बियांचा पाठ

पर्जन्यकाळ संपून आश्विन लागला म्हणजे आकाश निवळतें, ओढ्यांचें पाणी नितळ होतें आणि खरिपाचीं पिकें एकामागून एक कापणीस येतात. शेतकऱ्यास हे दिवस अत्यंत घाईचे असतात हें खरें. परंतु गांवच्या शाळेंतील लहान मुलांस निसर्गाचा पहिला प्रत्यक्ष पाठ द्यावयास वर्षांत याहून योग्य काळ नाहीं. हा पाठ कसा आंखावा, आणि त्यांत जमीनधारकाचा वांटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विलायती पुस्तकांत शरदृतु म्हणजे तांबूस-पिवळीं होऊन गळणारीं पानें असें चित्र असतें, आणि त्याचें अनुकरण करून आपल्याकडेहि मुलांकडून वाळलेलीं पानें गोळा करवून तीं कागदावर चिकटविण्याचा पाठ घेण्यांत येतो. थंड देशांत तें यथार्थ आहे. आपल्या पळस, सांवर यांसारख्या वृक्षांचीं पानें गळतात तीं हिवाळ्यांत व त्याच्या अखेरीस; शरदांत तीं हिरवींच असतात. आपला शरद हा पानगळीचा नव्हे, तर बीं पक्व होण्याचा ऋतु होय. म्हणून आपला पाठहि पानांचा नसून बियांचा असावा.

हा प्रश्न केवळ मुलांच्या करमणुकीचा नव्हे. शेतकऱ्याचेंच मूल शाळेंत बीजाची व्याख्या घडाघड म्हणून दाखवितें. परंतु घरच्या कणगींतील हरभरा उगवेल कीं नाहीं हें कसें पारखावें, हें त्यास ठाऊक नसतें. उद्यां तेंच मूल जमिनीचें मालक होणार. शाळा आणि शेत यांमधील हें अंतर बालपणींच बुजविलें नाहीं, तर मागाहून तें बुजविणें कठीण जातें. कै. ताराबाई मोडक यांनीं हें फार पूर्वीं ओळखिलें होतें. आतां पालघर जिल्ह्यांत असलेल्या बोर्डी येथें त्यांनीं १९४५ सालीं ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, आणि पुढें कोसबाड येथें अनुताई वाघ यांच्या साह्यानें, गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच भरणारी 'कुरणशाळा' चालविली. मूल शाळेपर्यंत येऊं शकत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें त्यांचें धोरण होतें. आपणांस तर शाळा केवळ शेताच्या बांधापर्यंत न्यावयाची आहे.

पूर्वतयारी शिक्षक व शेतकरी या दोघांनीं मिळून करावी. दुसरी-तिसरीच्या वीस-पंचवीस मुलांचा वर्ग असेल तर पांच-पांच मुलांच्या टोळ्या पाडाव्या व प्रत्येक टोळीबरोबर एक मोठें माणूस द्यावें. दव ओसरल्यावर निघून उन्हाचा ताप होण्यापूर्वीं परत यावें. दोन तास पुरे होतात. आदल्या दिवशीं दोघांनीं वाट फिरून पाहावी. विना कठड्याची विहीर, गांधीलमाशांचें पोळें, बिळें असलेला बांध व दाट गवत हीं टाळावीं. ज्या पिकावर अलीकडे औषध फवारलें असेल, त्या शेतांत मुलांस नेऊंच नये. गाजरगवताच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगास खाज सुटते, म्हणून तें मुलांस दुरून दाखवावें. एरंड, धोतरा व गुंज यांच्या बिया विषारी आहेत. यास्तव 'कोणतेंहि बीं तोंडांत घालावयाचें नाहीं' हा नियम निघण्यापूर्वींच सर्वांकडून म्हणवून घ्यावा. पायांत जोडे व जवळ पिण्याचें पाणी असावें.

पाठाचे तीन भाग करावे. पहिला भाग भुईमुगाचा. शेतकऱ्यानें वाफसा असलेल्या जागेंतील दोन-तीन झाडें मुळांसकट अलगद उपटून द्यावीं. पिवळें फूल वर उमलतें, मग शेंग मातींत कशी, असें शिक्षकानें विचारावें आणि उत्तर सांगण्याची घाई करूं नये. मुलें शोधूं लागलीं म्हणजे फुलाच्या जागेपासून खालीं उतरलेल्या आऱ्या त्यांस सांपडतील. जी आरी मातींत शिरली तिच्या टोंकास शेंग धरली आहे, व जी अधांतरीं राहिली ती रितीच आहे, हें त्यांच्याच दृष्टीस पडेल. भुईमुगास मातीची भर कां द्यावयाची, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं.

दुसरा भाग बांधावरील बियांचा. मुलांस आघाडा व गवत यांच्या कडेनें थोडें चालवून, मग कपड्यांस काय काय चिकटलें तें मोजावयास सांगावें. आपणच त्या बियांचे वाहक झालों, हें कळून मुलांस मोठी गंमत वाटते. कोंकणांत व घाटमाथ्याकडे तेरड्याचें पिकलेलें बोंड बोटांनीं हळूच दाबण्यास द्यावें; तें तडकून बिया दूर उडतात. त्यानंतर पिकलेलें कोरडें कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. पीळ सुटूं लागून कुसळ जिवंत असल्याप्रमाणें फिरूं लागतें. सुकलें कीं पुन्हां पीळ भरतो. अशा आळीपाळीच्या वळण्यानेंच त्याचें टोंकदार बीं जमिनींत शिरतें. तणाचें बीं शेतांत कसें येतें व तें फुलावर असतांनाच कां उपटावें, हें यावरून मुलांच्या ध्यानांत येईल.

तिसरा भाग शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. रब्बीसाठीं राखलेल्या हरभऱ्यांतून निवड न करतां शंभर दाणे मोजून मुलांच्या हातीं द्यावे. मुलांनीं ते शाळेंत ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा मांडावे, वर दुसरें ओलें गोणपाट घालून गुंडाळी करावी, ती सावलींत ठेवावी व तिचा ओलावा रोज राखावा. आठव्या दिवशीं गुंडाळी उलगडून, मूळ व कोंब दोन्ही निरोगी असलेले दाणे मोजावे. प्रमाणित हरभऱ्याची उगवण शेंकडा ८५ हून कमी असूं नये असा दंडक आहे. समजा, ६८ च दाणे उगवले. तर जेथें २० किलो बीं पुरत होतें तेथें तितक्याच रोपांसाठीं २५ किलो लागेल, आणि आंकडा याहून पुष्कळ खालीं आला तर बियाणें बदलणेंच श्रेयस्कर. हा हिशेब वर्गांतील फळ्यावर मांडून शिक्षकानें मुलांकरवीं शेतकऱ्यास चिठ्ठी पाठवावी. पेरणीपूर्वीं निदान पंधरा दिवस हा पाठ झाला, तर त्या चिठ्ठीचा उपयोग करण्यास वेळ राहतो.

शेतकरी बांधवांस यांत खर्च तो काय? भुईमुगाचीं दोन-तीन झाडें, शंभर दाणे व एक सकाळ. शिक्षकास पुष्कळदां शेतावर येण्याचा संकोच वाटतो. यास्तव आमंत्रण आपणच द्यावें. ज्या मुलानें स्वतःच्या हातानें दाणे मोजून बियाण्याची परीक्षा केली, तें मोठेपणीं पारख केल्यावांचून बीं मातींत टाकणार नाहीं. आपल्या गांवीं यंदाच्या आश्विनांत अशी एक तरी सकाळ घडवून आणावी, अशी वाचकांस आग्रहाची विनंति आहे.