ग्लासह्युटेची घड्याळं : मोडलेली आणि पुन्हा सांधलेली परंपरा

उंची घड्याळांचा विषय निघाला की आपल्याला स्वित्झर्लंड आठवतं. त्या पंक्तीत मानाचं पान असलेलं एक नाव मात्र जर्मनीतलं आहे : ‘ए. लांगे उंड झोने’. श्रीमंतांच्या मनगटावर मिरवणाऱ्या या घड्याळाचा जन्म गरिबांच्या हाताला काम मिळावं म्हणून झाला.

सॅक्सनीच्या डोंगराळ भागात ग्लासह्युटे हे छोटं गाव आहे. तिथल्या चांदीच्या खाणी आटल्या आणि गावाची रया गेली. ड्रेस्डेनचे दरबारी घड्याळजी गुटकेस यांच्या हाताखाली तयार झालेले फर्डिनांड आडोल्फ लांगे यांनी सरकारकडून कर्ज मिळवलं आणि ७ डिसेंबर १८४५ रोजी १५ शिकाऊ मुलांना घेऊन कारखाना सुरू केला. मोजमापासाठी त्यांनी मिलिमीटर आणला. कुणी स्क्रू करावेत, कुणी चाकं, कुणी काटे, अशी कामाची वाटणी गावभर रुजवली. १८ वर्षं ते गावाचे महापौरही होते.

१८६४ साली त्यांची ‘पाऊण पट्टी’ पूर्णत्वाला गेली. निरनिराळ्या छोट्या पट्ट्यांऐवजी एकच रुंद पट्टी बहुतेक चाकांना वरून आधार देते. त्यामुळे यंत्र भक्कम होतं, पण जोडणाऱ्याची कसोटी लागते, कारण त्या सगळ्या चाकांच्या आसांची टोकं एकाच वेळी आपापल्या छिद्रांत बसवावी लागतात. पट्टी असते तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूची, वर मुलामा न दिलेली. जरा बोट लागलं तरी डाग पडतो. म्हणून आजही इथलं प्रत्येक घड्याळ दोनदा जोडतात. एकदा जोडून वेळ जुळवायची, मग सगळं सुटं करून साफ करायचं, घासून-कोरून सजवायचं आणि पुन्हा जोडायचं. तोलचक्र धरणाऱ्या चिमुकल्या पट्टीवरची फुलं हातानं कोरलेली असतात. ती कुणाच्या हातची, हे जाणकार नुसतं पाहून ओळखतात.

८ मे १९४५ रोजी, युरोपातलं युद्ध संपत असताना, कारखान्याच्या मुख्य इमारतीवर बाँब पडले. युद्धानंतर गाव सोव्हिएत अमलाखालच्या पूर्व जर्मनीत गेलं आणि १९४८ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. संस्थापकांचे पणतू वाल्टर लांगे त्याच वर्षी पश्चिम जर्मनीत निघून गेले. १९५१ मध्ये गावातले कारखाने एका सरकारी उद्योगात विलीन झाले आणि लांगे हे नाव तबकडीवरून पुसलं गेलं.

बर्लिनची भिंत पडली तेव्हा वाल्टर पासष्टीचे होते. ७ डिसेंबर १९९० रोजी, बरोबर १४५ वर्षांनी, त्यांनी कंपनीची पुन्हा नोंदणी केली. विकायला एकही घड्याळ नव्हतं. सोबत होते ग्युंटर ब्ल्युमलाइन, घड्याळ-उद्योगाची नस ओळखणारे व्यवस्थापक. २४ ऑक्टोबर १९९४ रोजी ड्रेस्डेनच्या राजवाड्यात पहिली चार घड्याळं जगापुढे आली. त्यांपैकी तारीख दाखवणाऱ्या घड्याळांच्या चौकटीत २५ हा आकडा होता, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात तारीख बरोबर दिसावी. त्यातलं ‘लांगे १’ आज या घराण्याची ओळख आहे. तास-मिनिटांचे काटे मध्यावर नसून एका बाजूला, आणि तारखेचे ठळक आकडे दोन स्वतंत्र चौकटींत. गुटकेस यांनी ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहासाठी केलेल्या, आकड्यांनी वेळ दाखवणाऱ्या घड्याळावरून तारखेची ही कल्पना घेतली.

पुढे १९९९ मध्ये स्टॉपवॉचची सोय असलेलं ‘डाटोग्राफ’ आलं, २००० मध्ये कंपनी स्वित्झर्लंडच्या रिशमाँ समूहाकडे गेली, २००९ मध्ये काट्यांऐवजी उडी मारणाऱ्या आकड्यांचं ‘त्साइटवेर्क’ आलं. २०१७ मध्ये वाल्टर गेले.

या इतिहासात संस्थापकाचं आणि पुनरागमनाचं कौतुक भरपूर होतं. मला मधली चाळीस वर्षंही तितकीच मोलाची वाटतात. सरकारी कारखान्यात सामान्यांसाठी घड्याळं करत राहिलेल्या माणसांनी गावातली विद्या मरू दिली नाही. नव्या कंपनीला सुरुवातीचे कारागीर त्यांच्यातूनच मिळाले. नावाची नोंदणी एका दिवसात होते, हात तयार व्हायला मात्र पिढी जावी लागते. १९९७ मध्ये कंपनीनं शिकाऊ मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. माझ्या लेखी, या घराण्यानं आपला वारसा सर्वांत खरेपणानं जपला तो या शाळेतच.