तडा आधी बोलतो

बाजारात माठ घेताना आपण बोटानं टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर बाजूला ठेवतो. डोळ्यांना न दिसलेला तडा कानाला कळतो. हीच युक्ती विमानाला आणि पाइपलाइनला कशी लावतात, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी एक खरी घटना ऐका. २८ एप्रिल १९८८. अमेरिकेच्या हवाई बेटांवर एका प्रवासी विमानाच्या छताचा मोठा भाग सुमारे २४,००० फूट उंचीवर उडून गेला. आत ९५ माणसं होती. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवलं, पण एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली आणि गेली. विमान १९ वर्षं जुनं होतं. दर उड्डाणात आतल्या हवेच्या दाबानं पत्रा ताणला जायचा, उतरल्यावर सैल व्हायचा. तार वाकवून-वाकवून तुटते ना, तसे रिव्हेटांच्या रांगेत बारीक तडे वाढत गेले. पुढे चौकशीत एका प्रवासी बाईंनी सांगितलं, की चढतानाच त्यांना तडा दिसला होता. पण त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

असे तडे वेळेत कळावेत म्हणून पत्र्यावर लहान, पातळ चकत्या चिकटवण्याची पद्धत निघाली. त्यांना पिझोइलेक्ट्रिक चकत्या म्हणतात. नाव अवघड, पण ओळख जुनी! गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आत ठोका बसतो आणि ठिणगी पडते. दाबातून वीज निर्माण होते. हा गुण १८८० साली फ्रान्समध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी शोधला. याच्या उलटही घडतं. चकतीला वीज दिली की ती थरथरते.

ही थरथर इतकी जलद असते, की आपल्या कानाला ऐकू येत नाही. पाटाचं पाणी जसं दोन काठांमधून वाहतं, तशी ही लहर पत्र्याच्या दोन बाजूंमधून वाट धरून लांब जाते. पलीकडची चकती ती टिपते. वाटेत तडा असला तर लहर थोडी मागे फिरते, थोडी विखुरते. तिला लागलेल्या वेळावरून तड्याची जागा काढता येते. पाइपलाइनभोवती असा पट्टा बांधला, तर सगळा पाइप न उकरता एका जागेवरून कित्येक मीटरपर्यंतचा गंज कळतो.

मात्र वस्तू धडधाकट असतानाची पहिली नोंद हाताशी लागते. अंगणवाडीत बाळाचं वजन मागच्या वजनाशी ताडून बघतात, तसंच हे. उन्हानं पत्रा तापला तरी लहरीचा वेग बदलतो, म्हणून थंडी-उन्हाच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात. नाहीतर तडा नसतानाच इशारा मिळतो.

आणि इशारा मिळाल्यावर दुरुस्ती माणसांनीच करायची असते. आपल्या गावच्या पुलाला, शाळेच्या भिंतीला किंवा पाण्याच्या टाकीला अशा चकत्या नसतील, पण आपले डोळे आहेत. तडा दिसला तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी कळवा, पोच घ्या. तड्याच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा. खुणेपुढे तो सरकला, तर पुन्हा सांगा, ग्रामसभेत सांगा. 'कुणीतरी सांगेलच' म्हणून गप्प बसू नका.