अ.पा.क. आई

वाचकहो, तुमच्या घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक किती आहेत, ते कधी मोजलेत का? आमच्या घरात पाच आहेत. चौघांची नावे लहानपणापासून पाठ. पाचवा टाक चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, बाईचा. लहानपणी आजीला विचारले, ही कोण? आजी म्हणाली, "आसल कुणी तरी. हात जोड आन् जा."

ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. त्या पाचव्या टाकाचे उत्तर मला मिळाले ते 2023 च्या हिवाळ्यात, आणि तेही दुसरेच काही शोधताना.

त्या वर्षी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तालुक्याच्या ठिकाणी अभिलेख कक्षाची दारे उघडली. ज्यांनी जन्मात सातबारा सोडून दुसरा कागद पाहिला नव्हता अशी माणसे जुने फेरफार, शाळेचे जनरल रजिस्टर आणि गाव नमुना 14, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ते, चाळायला लागली. मीही नातेपुत्याहून एसटीने माळशिरसला दोन-चार खेपा घातल्या. जातीची नोंद शोधायला गेलेल्या पुष्कळांच्या हाती भलतेच काही लागले. कुणाला आजोबांचा एक भाऊ जास्तीचा सापडला, कुणाला गाव सोडल्याची नोंद. मला पणजी सापडली. दुसरी पणजी.

आमचे पणजोबा मुंबईला गिरणीत होते, एवढे घरात सांगत. आपला हा माळशिरस तालुक्याचा पश्चिम भाग आणि पलीकडचे माण-खटाव, हा सगळा पाऊस चुकवणारा मुलूख. कालव्याचे पाणी नीट फिरेपर्यंत इथल्या कर्त्या पोराला दोनच वाटा होत्या, एक लष्कराची आणि दुसरी गिरणीची. माणूस जायचा, मनिऑर्डर यायची. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा आणि आषाढात माउलींच्या पालखीचा नातेपुत्याचा मुक्काम, या दोन वक्ताला तो गावी दिसायचा. बाकीचे दहा-अकरा महिने तो कसा राहतो, कुणाच्या हातचे खातो, हे गावाने विचारायचे नसते आणि त्याने सांगायचे नसते.

गिरणगावात गावोगावच्या मंडळींनी गावकीच्या खोल्या धरल्या होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणे झोपणारे. जेवण खानावळीत. या खानावळी बायका चालवीत. त्यात विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, नवऱ्याची गिरणी बंद म्हणून चूल पेटवणाऱ्याही होत्या. पुढे 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांसाठी. गावाकडे खानावळवालीचे नाव निघाले की लोक गालात हसतात. हसू नये. त्या बाईने उधारीवर जेवू घातले म्हणून गावाकडे मनिऑर्डर पोचली. आणि त्यातल्याच एखादीशी एखाद्या गड्याने पाट लावला असेल, तर ती त्या काळच्या रीतीला धरूनच होती.

पाट म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावे लागते. विधवेचे किंवा काडीमोड झालेल्या बाईचे पुन्हा लग्न, त्याला पाट किंवा मोहतूर म्हणत. बऱ्याच जातींत ती मान्य रीत होती. मात्र तो रात्रीचा, चार माणसांत, वाजंत्री नाही, पत्रिका नाही. म्हणून कागद नाही. बरे, पुरुषाला दोन बायका करायला तेव्हा कायद्याची आडकाठीही नव्हती. मुंबई प्रांतात द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा आला 1946 साली आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा 1955 साली. त्याच्या आधीचे दुसरे लग्न कायद्याने पक्के होते. मग ते लपवले का? माझ्या मते जमिनीसाठी. बायको लपवली की तिची पोरे लपतात, आणि पोरे लपली की वाटे कमी होतात.

आता नोंदी पाहायला जाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. 'दुसरी बायको' असे शब्द तुम्हाला कुठेही लिहिलेले सापडणार नाहीत. जुन्या कागदात बाई असते ती कुणाची तरी म्हणून. 'बिन' म्हणजे मुलगा. 'कोम' किंवा 'भ्र.' म्हणजे अमक्याची बायको. कोतवाल बुकात जन्म लिहिताना बापाचे नाव असते, आईचे बहुतेक ठिकाणी नसते. शाळेच्या दाखल्यातही तेच. आईचे नाव सरकारी कागदावर सक्तीचे झाले ते 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एका बापाची पोरे दोन आयांची असली तरी कागद मुका.

तो बोलतो कुठे, तर बाप मेल्यावर. वारसाचा फेरफार काढा. मोठा मुलगा असेल तर नुसते नाव. पण मुलगा अज्ञान असेल तर त्याच्यापुढे 'अ.पा.क.' अशी तीन अक्षरे लागतात. अज्ञान पालनकर्ता. आणि पालनकर्ता म्हणून आईचे नाव लिहावेच लागते. पणजोबा वारल्यानंतरचा 1941 चा आमचा फेरफार मोडीत होता. मोडी वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका निवृत्त गुरुजींना गाठले. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचले. मयताचे वारस मुलगे दोन. पहिले आमचे आजोबा. दुसरे नाव मी जन्मात ऐकले नव्हते, वय सहा, अ.पा.क. आई, हल्ली राहणार मुंबई, डिलाईल रोड.

आईचे जे नाव होते ते आमच्या पणजीचे नव्हते.

गुरुजी म्हणाले, "बाई हिंमतीची दिसते. एवढ्या लांबनं येऊन नोंद लावून गेलीया."

मला त्या वेळी बरे वाटले, हे कबूल करतो. वाटले, आपल्या माणसांनी नाव लावू तर दिले. पण फेरफार एकच पाहून उठू नये. मागचा-पुढचा सगळा पाहावा. दहा-अकरा वर्षांनंतरचा दुसरा एक फेरफार निघाला. आमच्या आजोबांनी वर्दी दिली आहे की, सदर इसम परागंदा असून ठावठिकाणा नाही, सबब नाव कमी व्हावे. नाव कमी झाले. खाली आजोबांचा अंगठा.

ठावठिकाणा नाही! पहिल्या फेरफाराला पत्ता लिहिलेला आहे, मुंबईचा.

घरी आल्यावर चुलत्यांना विचारले. ते नव्वदीला टेकलेले. आधी म्हणाले, "कशाला उकरतोस जुनी मढी?" मग रात्री जेवण झाल्यावर आपणहून सांगितले. ती पाटाची होती. नोंदीला आली तेव्हा वाड्यात घेतली नाही, देवळात उतरली. पुढे घरात लागोपाठ दोन पोरे दगावली. देवऋषाने सांगितले, मुंबईची सवत बाधते, तिचा टाक करा. थोरल्या पणजीने स्वतःच्या पाटल्यांतली एक मोडून चांदी आणली. म्हणजे तिला ती मेली हे कुठून तरी कळले होते. ठावठिकाणा होता.

आमच्यासारखे घर एकच नसणार, म्हणून चार गोष्टी तुम्हाला सांगतो. सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना जुन्या उताऱ्यावर बघा. तिथे एखाद्या बाईचे नाव 'अन्नवस्त्र' किंवा 'चोळीबांगडी' म्हणून असेल तर ती कोण, ते विचारा. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला कुणी पूर्वज गेला असेल तर तीर्थोपाध्यांच्या वहीत घरच्या माणसांची नावे सापडतात; घरी जे सांगितले नाही ते माणूस तीर्थाच्या ठिकाणी लिहून येतो. बैल घेऊन हेळवी आला तर त्याला चहा पाजा आणि वंशावळ सावकाश म्हणायला लावा. फक्त भावकी जमवून नका लावू, त्याला पसंत पडेल तेवढेच तो म्हणेल. आणि फार जुने पाहत असाल तर सोलापूरच्या दप्तरावर अडून बसू नका. 1875 पर्यंत माळशिरस तालुका सातारा जिल्ह्यात होता. आपल्याच तालुक्याच्या पूर्वेला, माळीनगरकडे तर गोष्ट उलटी. 1932 साली कारखाना काढायला सासवडचे माळी शेतकरी तिथे आले. त्या घरांचे मूळ कागद पुरंदरला शोधायचे.

सातासमुद्रापलीकडेही हीच कथा. 1834 पासून मॉरिशसला ऊसमळ्यांवर गिरमिटिया म्हणून पाच लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून गेली, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे मराठीही होते. ती जिथे उतरली तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरे ठेवली आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, जात, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळातल्या पुष्कळांचे फोटोसुद्धा. तिकडचे पणतू गाव हुडकत इकडे येतात, आणि एखाद्याला कळते की पणजोबा निघाले तेव्हा इकडे एक चूल पेटलेलीच होती. त्यांच्याकडे निदान फोटो आहे. गिरणगावात गेलेल्या आपल्या माणसाची अशी खूण कुणी लिहून ठेवली नाही.

तरी माग लागतो. गावकीच्या खोलीच्या मंडळाची वर्गणीची वही असते. त्यात पणजोबांचे नाव 1941 ला थांबते आणि 1953 पासून त्या धाकट्या मुलाचे सुरू होते. म्हणजे ज्या सुमारास गावात त्याला परागंदा लिहिले, त्याच सुमारास तो गावाच्या मंडळाला वर्गणी भरत होता. पुढे तोही गिरणीत लागला. 18 जानेवारी 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या. 2012 साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली. दीड लाखांच्या आसपास अर्ज होते. अर्जाला वारसाचे कागद लागतात, त्यामुळे गिरणगावात कितीतरी घरांत बापाच्या पेट्या त्या वेळी पहिल्यांदा उघडल्या. मंडळाच्या एका म्हाताऱ्या सभासदाकडून मला त्या घरचा फोन मिळाला.

फोन करायला मला पंधरा दिवस लागले. वकिलाला आधी विचारले होते. तो म्हणाला, लग्न 1946 च्या आधीचे, मुलगा औरस, आजोबांच्या बरोबरीचा वाटेकरी. लग्न कायद्यानंतरचे असते तरीही मुलांचा हक्क पुरता बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये सांगितले आहे की अवैध विवाहातल्या मुलांनाही आईबापाच्या वाट्यातला हिस्सा मिळतो. माझ्या भावांनी हे ऐकले आणि म्हणाले, मग फोन करतोसच कशाला?

फोन एका बाईने उचलला. त्या मुलाची सून. मी गावाचे नाव सांगितले, नाते सांगितले. पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटले, आता जमिनीचे विचारणार. मी आकडासुद्धा काढून ठेवला होता, किती गुंठे येतात त्याचा.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, आमच्याकडं पोरीचं लग्न काढलंय. मामंजींना कुलदैवत विचारलं की ते गप्प बसायचे. थोरल्या पोराच्या लग्नात आम्ही शेजाऱ्यांचं देवक बसवलं. आपलं कोणतं?"

मी सांगितले. देवक पंचपालवी, देव शिंगणापूरचा शंभू महादेव. त्यांनी दोनदा म्हणून घेतले, लिहून घेतले. मग विचारले, देवाला यायचे तर उतरायचे कुठे?

जमिनीचे भावकीत अजून बोलणे चालू आहे, ते लवकर मिटेल असे दिसत नाही. उतरायचे मात्र मी त्यांना वाड्यात सांगितले आहे. चैत्रात येणार आहेत.