‘क्रिसक्रॉस’ : एका झिजलेल्या शब्दाचा बोध

एकमेकींना छेदणाऱ्या रेषा, त्यांची जाळीदार आकृती, या अर्थी इंग्रजीत ‘क्रिसक्रॉस’ हा शब्द रूढ आहे. नाम, विशेषण, क्रियाविशेषण आणि क्रियापद अशा चारही प्रकारे तो योजिला जातो. लोहमार्ग देशाला ‘क्रिसक्रॉस’ करतात, म्हणजे त्यांचे जाळे देशभर पसरलेले असते. वृद्धाच्या मुद्रेवरील सुरकुत्या ‘क्रिसक्रॉस’ असतात, म्हणजे आडव्यातिडव्या असतात. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द शोधण्याचा आग्रह नसावा. संदर्भ पाहून ‘आडवातिडवा’, ‘जाळीदार’ अथवा ‘परस्परांस छेदणारा’ असे म्हणावे. वरवर पाहता या शब्दाचा धर्माशी काही संबंध दिसत नाही. तथापि त्याचे पूर्वपद हा ‘ख्रिस्त’ या नामाचाच अवशेष होय.

मूळ शब्द ‘क्राइस्ट-क्रॉस’, म्हणजे ख्रिस्ताचा क्रूस. पूर्वी इंग्लंडमधील मुले ‘हॉर्नबुक’वरून अक्षरे शिकत. हे पुस्तक नव्हे, तर मूठ असलेली लाकडी फळी होती. तिच्यावर लावलेल्या कागदावर मुळाक्षरे व बहुधा प्रभूची प्रार्थना असे, आणि कागद मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवीत. ‘ए’ या अक्षराच्या आधी क्रूसाची खूण असे. त्यामुळे मुळाक्षरांच्या ओळीलाच ‘क्राइस्ट-क्रॉस-रो’ किंवा ‘क्रॉस-रो’ हे नाव पडले. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकातही ते आढळते. निरक्षर मनुष्य सहीच्या जागी जी फुली करी, तिलाही ‘क्राइस्ट-क्रॉस’ म्हणत.

पुढे ‘ख्रिसमस’ या शब्दात झाले तसेच येथेही झाले. ‘क्राइस्ट’मधील दीर्घ स्वर आखूड झाला व ‘ट’ गळाला. उरलेले ‘क्रिस’ हे ‘झिगझॅग’सारख्या जोडशब्दातील निव्वळ नादाचे पद आहे, असा लोकांचा समज झाला. एकोणिसाव्या शतकात छेदणाऱ्या रेषा हा अर्थ स्थिरावला तेव्हा त्यात ख्रिस्त कोणाला दिसत नव्हता.

आपल्या ‘ओनामा’ या शब्दाची हकीकत अशीच आहे. ‘ॐ नमः सिद्धम्’ या वंदनाने मुलाच्या अक्षरओळखीस आरंभ होई. वंदन जिभेवर झिजले आणि ‘ओनामा’ म्हणजे केवळ प्रारंभ, एवढाच अर्थ राहिला.

प्रवचनकारांना येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ‘क्रिसक्रॉस’ म्हणणारा प्रत्येक जण नकळत ख्रिस्ताचे नाव घेतो, असे व्यासपीठावरून सांगणे आकर्षक असले तरी खरे नव्हे. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीवरून नव्हे, तर वापरावरून ठरतो. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या शब्दार्थांविषयी लिहिलेल्या ग्रंथात हीच चूक दाखवून दिली होती. तसेच ‘एक्समस’ या लेखनातील ‘एक्स’ला क्रूस समजू नये. ते ग्रीक भाषेतील ‘ख्रिस्तोस’ या शब्दाचे ‘खी’ हे आद्याक्षर आहे.

मग या शब्दापासून आपण काय घ्यावे? आमच्या मते बोध असा, की पवित्र खूण रोजच्या वापरातच अर्थ गमावते. तिला कोणी विरोध केला नव्हता. ती केवळ सवयीची झाली. आपल्या मंदिरांत क्रूसाची खूण कशी केली जाते ते पाहावे. कपाळ, छाती व दोन्ही खांदे यांपर्यंत हात पोहोचतही नाही. हवेत दोन रेघा ओढल्या जातात आणि त्र्यैक्याचे नाव ओठांतच विरते. अशा वेळी क्रूसाची खूण खरोखर ‘क्रिसक्रॉस’च होते.

यास्तव धर्मशिक्षकांनी वर्षारंभीच्या पाठात ही खूण पुन्हा शिकवावी. हात सावकाश न्यावा, प्रत्येक नाव स्पष्ट उच्चारावे, आणि याच नावाने आपला बाप्तिस्मा झाला हे मुलांना सांगावे. रेषा दोनच आहेत. त्या कोणाच्या आहेत, हे मुलाला ठाऊक असले पाहिजे.