लाजेपायी दुखणे वाढवू नका

आज जरा नाजूक विषय घेतला आहे. पुरुषाचे वय पन्नास-साठच्या पुढे गेले की लघवीच्या तक्रारी सुरू होतात. पती-पत्नीच्या सुखातही फरक पडतो. असे का होते आणि त्यावर काय करावे, ते येथे सांगायचे आहे. चारचौघांत हे कोणी बोलत नाही. पण आपल्याला आता वाचता येते. जे विचारायची लाज वाटते, ते एकट्याने बसून वाचता येते, हा मोठाच फायदा आहे.

हा विषय वाईट नाही. आपल्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक काढले. त्यात ते अशा गोष्टी उघडपणे लिहीत. लोकांनी निंदा केली, खटले झाले, तरी १९५३ साली वारेपर्यंत त्यांनी मासिक चालवले. तेव्हा आपण निदान वाचायला तरी लाजू नये.

आमची फजिती

आधी आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही जन्मभर मुलांना शिकवले, की अडले तर हात वर करा आणि विचारा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र आम्ही हात वर केला नाही.

साठी उलटली आणि रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागू लागले. धार बारीक झाली. उभे राहिले तरी लवकर सुरू होईना. झाल्यावरही पोट मोकळे वाटेना. घरात विचारले तर आम्ही म्हणायचे, "काही नाही, थंडी आहे." असे वर्षभर चालले.

मग एका लग्नाला गेलो. सर्दी झाली होती म्हणून दुकानातून सर्दीची गोळी घेऊन खाल्ली. पंगत, आहेर, वरात यांत लघवी बराच वेळ दाबून धरली. रात्री लघवीला गेलो तर एक थेंब येईना. ओटीपोट फुगले. कळा अशा, की बसवेना आणि झोपवेना. पहाटे तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा कुठे सुटका झाली. ते म्हणाले, "गुरुजी, वर्षापूर्वी आला असता तर कदाचित गोळ्यांवर भागले असते." पुढे ऑपरेशन करावे लागले.

ही गाठ कसली?

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढते तशी ही ग्रंथी वाढते आणि नळी आवळली जाते. शेताच्या पाटात माती साचली की पाणी तुंबते, तसेच हे. साठीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांची ही ग्रंथी वाढलेली असते. म्हणजे हे काही पापाचे फळ नव्हे, किंवा तरुणपणाच्या चुकीची शिक्षाही नव्हे.

सर्दीच्या काही गोळ्यांनी ही नळी आणखी आवळते. दारूनेही लघवी अडू शकते. आमचे घोडे तेथेच अडले. म्हणून दुकानातून गोळी घेताना लघवीची तक्रार सांगावी.

ग्रंथीची प्रत्येक वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण कर्करोगही याच ग्रंथीत होऊ शकतो. त्यामुळे तपासणी हवीच. लघवीत एकदा जरी रक्त दिसले, दुखत नसले तरी, ताबडतोब डॉक्टर गाठावा.

संसारसुखाचे काय?

आता दुसरी गोष्ट. साठीनंतर शरीरसंबंधाची इच्छा संपते, संपलीच पाहिजे, असे लोक समजतात. तसे नाही. पुरुषपणाचा रस, ज्याला टेस्टोस्टेरॉन म्हणतात, तो चाळिशीच्या आसपास हळूहळू कमी होऊ लागतो, पण एकदम आटत नाही. इंद्रिय ताठ व्हायला वेळ लागतो, पुन्हा इच्छा व्हायलाही वेळ लागतो. हे वयाचे चालणेच आहे. बैल म्हातारा झाला की सावकाश चालतो, पण चालतो.

मात्र इंद्रिय मुळीच ताठ होत नाही, असे महिनोन् महिने चालले, तर ती आजाराची खूण असू शकते. इंद्रिय ताठ होते ते त्यात रक्त भरते म्हणून. रक्त आणणाऱ्या नळ्या बारीक असतात. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, तंबाखू आणि बिडी यांनी या नळ्या खराब होतात. मधुमेहाने नसाही मरतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या यांहून मोठ्या असतात. म्हणून बिघाड आधी येथे दिसतो आणि हृदयाचा त्रास काही वर्षांनी येतो, असे पुष्कळदा घडते. म्हणजे ही तक्रार लपवणारा माणूस हृदयाने दिलेली सूचनाच लपवत असतो.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांना हीच तक्रार होती. ते दोन वर्षे जत्रेतल्या तंबूतून पुड्या आणत होते. पैसे गेले, गुण आला नाही. पुढे पायाची जखम भरेना, तेव्हा रक्त तपासले. मधुमेह निघाला. पायाची दोन बोटे कापावी लागली. पहिल्याच वर्षी रक्त तपासले असते, तर बोटे वाचली असती.

कधी कारण मनाचे असते. काळजी, कर्ज, मुलाचे भांडण, पत्नीचे आजारपण यांनीही असे होते. झोपेतून उठताना इंद्रिय ताठ असते आणि एरवी होत नाही, असे असेल तर कारण बहुधा मनात असते. रक्तदाबाच्या किंवा इतर काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, ते बदलून देतात.

पुडीवाल्यांपासून सावध

"शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो" असे सांगून हे लोक घाबरवतात. ते खोटे आहे. वीर्य म्हणजे ग्रंथींचा रस आणि त्यात थोडे शुक्रजंतू. ते गेल्याने अशक्तपणा येत नाही. नसबंदीनेही पुरुषपण जात नाही. तिच्यात फक्त शुक्रजंतूंची वाट बंद होते.

कामशक्ती वाढवून देतो अशी औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. १९५४ सालीच तसा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी भिंती रंगवलेल्या दिसतातच. अशा काही पुड्यांत दवाखान्यातले औषध गुपचूप मिसळलेले आढळले आहे. ते किती आहे हे खाणाऱ्याला कळत नाही.

खरे औषध आहे. सिल्डेनाफिल नावाची गोळी १९९८ सालापासून वापरात आहे. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावी. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी जो घेतो, त्याने ही गोळी कधीच घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम खाली जातो आणि माणूस दगावू शकतो. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांबरोबरही जपावे लागते. इंद्रिय चार तासांहून अधिक ताठच राहिले, तर लाज न धरता दवाखाना गाठावा.

घरच्या माणसाशी बोला

पुरुष स्वतःचाच विचार करतो. पत्नीचेही वय झालेले असते. पाळी गेल्यावर योनीला कोरडेपणा येतो आणि संबंधाच्या वेळी दुखते. ती सांगत नाही, नवरा विचारत नाही. मग दोघेही मनात कुढतात. तिला विचारावे. तिच्यासाठीही दवाखान्यात मलम मिळते. तिची इच्छा नसेल तर जबरदस्ती करू नये. जवळ बसणे, पाठीवरून हात फिरवणे, दोन शब्द बोलणे, हेही संसारसुखच आहे.

आणखी एक. बाहेरचा संबंध आला तर निरोध वापरावा. गुप्तरोग आणि एच.आय.व्ही. वय पाहून लागत नाहीत.

लक्षात ठेवा

१. रोज अर्धा तास भरभर चाला. पोट सुटू देऊ नका.

२. तंबाखू, बिडी, मिश्री सोडा. दारू टाळा.

३. वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात ती तपासतात.

४. झोपण्यापूर्वी दोन तास चहा-पाणी कमी करा. दिवसा मात्र पाणी तोडू नका. लघवी दाबून धरू नका.

५. लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

६. डॉक्टरांपुढे बोलायला जमत नसेल, तर तक्रार कागदावर लिहा आणि तो कागद त्यांच्या हाती द्या.

हे शेवटचे आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्याला आता लिहिता येते ना? मग चार ओळी लिहायला काय हरकत आहे? "लघवीला त्रास होतो. सहा महिने झाले." एवढे पुरे. आम्ही एवढे लिहून दिले असते, तर ती लग्नाची रात्र आम्हाला भोगावी लागली नसती.