कृमी मरावा, रोगी तरावा

जिवाणूंवर प्रतिजैविके पुष्कळ आहेत. विषाणू आणि कृमी यांच्यावरची औषधे मात्र मोजकीच. असे का? विषाणू आपल्याच पेशीची यंत्रणा वापरतो, तर कृमी हा आपल्यासारखाच बहुपेशीय प्राणी. शत्रूला मारताना रोग्याला इजा होऊ नये, म्हणून आम्ही संशोधक आधी दोघांतला फरक शोधतो.

नागिणीवरचे एसायक्लोव्हिर विषाणूच्याच एका विकरामुळे कार्यशील होते. निरोगी पेशीत ते जवळजवळ निष्क्रिय राहते. जपानी मातीतल्या सूक्ष्मजीवाच्या द्रव्यापासून बनवलेले आयव्हरमेक्टिन (नोबेल, २०१५) कृमीच्या चेतापेशींतील क्लोराइडची विशिष्ट द्वारे उघडी ठेवते. कृमी लुळा पडतो. ही द्वारे आपल्यात नाहीत.

तरी प्रश्न उरतोच. आफ्रिकेतील ‘नदी-अंधत्व’ रोगात हे औषध दृष्टी घालवणारी पिल्ले मारते. प्रौढ मादी मात्र १०-१५ वर्षे जगते. म्हणून औषध वर्षानुवर्षे द्यावे लागते. या मादीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात. डॉक्सिसायक्लिनने ते मारले, की ती वांझ होते आणि हळूहळू मरते. पण हा उपचार ४ ते ६ आठवडे रोज घ्यावा लागतो. गर्भवतींना व लहान मुलांना तो देत नाहीत. थोड्या दिवसांत हेच काम करील, अशा औषधाचा शोध आज चालू आहे.